खाणीवरून आलेले पाहुणे

दार मीच उघडलं. जिन्यात एक बाई आणि एक पुरुष उभे होते. पुरुषाच्या बुटांवर पांढरी धूळ होती, माझ्या बाबांच्या बुटांवर असायची तशीच. बाईच्या खांद्याला तपकिरी बॅग होती आणि तिचा पट्टा तिने दोन्ही हातांनी धरला होता.

"हायम झिराडकरचं घर?" तिने हिब्रूत विचारलं. आडनाव तिला एका दमात म्हणता आलं नाही.

"हो."

"आई आहे?"

"स्वयंपाकघरात."

"तिला हिब्रू येतं?"

"नाही. पण मी सांगते तिला सगळं."

हे मी अभिमानानेच सांगितलं. मी तेव्हा बारा वर्षांची होते. आम्ही मुंबईहून, माझगावहून, इस्रायलला येऊन दोनेक वर्षं झाली होती. बीरशेबाच्या दक्षिणेला, वाळवंटातल्या एका नव्या वसाहतीत आम्हाला तिसऱ्या मजल्यावर घर मिळालं होतं. गोदीतल्या कारखान्यात फिटर असलेले बाबा इथे फॉस्फेटच्या खाणीवर लागले होते. खाणीवर चालण्यापुरतं हिब्रू ते तिथेच शिकले. नव्या लोकांना हिब्रू शिकवणारा वर्ग वसाहतीत होता. पण तो संध्याकाळी भरायचा, आणि दिवेलागणीला घर सोडून बायकांनी पाटी-पेन्सिल घेऊन जायचं हे आईला पटलं नाही. दोनदा गेली, मग म्हणाली, "मिलू आहे ना. दोघींना कशाला हवं?"

त्यामुळे दवाखान्यात, दुकानात, कचेरीत, अगदी माझ्या स्वतःच्या शाळेतसुद्धा आईचं बोलणं मीच करायचे. माझ्याबद्दलची तक्रार बाईंनी मलाच सांगायची आणि मी ती आईला सांगायची, त्यात थोडीफार काटछाट करून.

दारातल्या बाईने बरोबरच्या पुरुषाकडे पाहिलं. मग मला विचारलं, "तुमची भाषा बोलणारं मोठं माणूस आहे का कोणी जवळपास?"

"शालोममामा आहेत. पण ते अश्दोदला राहतात."

तिने घड्याळ पाहिलं. शुक्रवारची दुपार कलली होती. शेवटची बस निघून गेली होती आणि सूर्य मावळला की शब्बाथ, आम्हा ज्यूंचा विसाव्याचा दिवस, सुरू होणार होता; त्यात प्रवास करत नाहीत. त्यानंतर अश्दोदहून कोणी येणं शक्य नव्हतं. ती माझ्यासमोर वाकली, माझ्या डोळ्यांच्या पातळीला आली.

"माझं नाव त्सिपोरा. मी समाजकल्याण कचेरीतून आले आहे. ऐक. आज सकाळी खाणीत दगडांचा ढीग घसरला. तुझे वडील त्यात वारले. हे तुझ्या आईला सांगायला हवं आणि आम्हाला तुमची भाषा येत नाही. तू मोठी मुलगी आहेस. मी तुझ्या शेजारी उभी राहते."

वाक्यं सोपी होती. शाळेत धड्यात असतात तशी. एकही शब्द अडला नाही.

"कोण आलंय गो?" आतून आईने विचारलं.

मी काही बोलायच्या आत ती पदराला हात पुसत बाहेर आली. तिने दोघांकडे पाहिलं. आधी पुरुषाकडे, मग बाईकडे, मग बॅगेकडे. तिचा हात क्षणभर पदरातच राहिला. मग तिने खुर्ची पुढे ओढली.

"बसा म्हणावं त्यांना. उभ्या उभ्या काय?"

"आई, ते…"

"आधी पाणी दे. आल्या माणसाला दारातच काय काम काढलंत म्हणून विचारतात? तुझ्या आज्जीने रेवदंड्याला असं कधी केलं नसतं."

हा आमच्या घरचा नियम होता. दारात आलेला माणूस पाणी आणि चहा घेईपर्यंत त्याचं काम विचारायचं नाही. माझगावच्या चाळीत वीजबिलवालासुद्धा आमच्याकडे आधी चहा प्यायचा आणि मग बिल द्यायचा. बाबा यावरून आईला चिडवायचे, "उद्या चोर आला तर त्यालाही ही बशी पुसून देईल."

मी पाणी दिलं. दोघं पलंगाच्या कडेला बसले, खुर्ची रिकामीच राहिली. आईने स्टोव्हवरचं मटणाचं पातेलं उतरवून बाजूला झाकून ठेवलं आणि चहाचं आधण ठेवलं. स्वयंपाकघर म्हणजे खोलीचाच एक कोपरा होता. तिची पाठ आमच्याकडे होती.

"काय बाई वाळलीये ही," ती चहापत्ती टाकता टाकता म्हणाली. "हिला घरी कोणी जेवायला घालत नाही वाटतं. आणि तो बापडा बघ, बूट कुठे ठेवावेत कळत नाहीये त्याला. सांग, राहू देत, फरशी पुसायचीच आहे."

"बूट राहू देत म्हणते," मी पुरुषाला सांगितलं.

"सांगितलंस तिला?" त्सिपोराने हळूच विचारलं.

"नाही अजून."

"सांग. मी आहे इथे."

"काय म्हणते ती?" आईने मागे न बघता विचारलं.

मी म्हणाले, "ते घराच्या अर्जाचं बघायला आलेत."

हे माझ्या तोंडून कसं आलं मला माहीत नाही. तळमजल्यावरचं घर मिळावं म्हणून आईने अर्ज केला होता, तोही मीच लिहिला होता. तेच तोंडाशी आलं.

आई वळली. तिने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, असं मला आता वाटतं. तेव्हा फक्त आधणाचा आवाज ऐकू येत होता.

"अस्सं," ती म्हणाली. "मग सांग त्यांना. सांग की गुडघ्याचं दुखणं आहे यांचं. गोदीत शिडीवरून पडले होते तेव्हापासूनचं. माणूस दिवसभर खाणीत उभा राहतो आणि वर हे जिने. मधे दोन वेळा टेकतात. मला दिसतं ना गॅलरीतून. वर बघून हात करतात, जसं काही मुद्दामच थांबलेत."

ती एवढं बोलून थांबली. तिघंही माझ्याकडे बघत होती.

मी त्सिपोराला म्हणाले, "ती विचारतेय, चहात दूध चालेल का?"

उत्तर पुरुषाने दिलं. तो बाबांचा मुकादम होता, रुमानियाचा, त्याचं नाव मार्कू. "चालेल," तो म्हणाला. "हायम सांगायचा आम्हाला. म्हणायचा, माझी बायको चहात गवत घालते. आम्ही हसायचो. म्हणायचो, हायम, तू नवरा आहेस की बैल?" आणि तो खरंच हसला. मग त्याने टोपी काढली आणि तोंडासमोर धरली.

"हसतोय का तो?" आईने विचारलं.

"गवती चहाचं बोलतोय. बाबांनी सांगितलं होतं त्यांना."

"सांगणारच. घरात तोंडातून शब्द निघत नाही आणि बाहेर माझ्या खोड्या सांगत फिरतात." ती गॅलरीत गेली. तिथे तेलाच्या डब्यात तिने गवती चहा लावला होता, येताना पातळात गुंडाळून आणलेल्या मुळांचा. तिने दोन पाती कापली. पण लगेच आत आली नाही. कठड्याला धरून खाली बघत राहिली. खाली खाणीची जीप उभी होती.

"ती काय म्हणाली?" त्सिपोराने मला विचारलं. "बाळ, असं करून चालणार नाही. सूर्य जाईल. हे लांबवलं म्हणून कमी होत नाही."

"ती आल्यावर सांगते."

आई आत आली. पाती हाताने तोडून तिने आधणात टाकली. त्सिपोरा उठली, माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात थंड होता.

"आता," ती म्हणाली.

"आई," मी म्हणाले. "बाबा…"

"मिलू, साखर संपलीये," आई म्हणाली. "फ्रेहाकडून वाटीभर आण."

"आहे की साखर. कालच आणलीये मी."

"मुंग्या झाल्यात तिला."

"कुठे मुंग्या? झाकण घट्ट…"

"मी सांगते ना, जा." तिने फळीवरची वाटी काढून माझ्या हातात दिली आणि माझी बोटं तिच्याभोवती मिटवली. "आणि फ्रेहाने बसवलं तर बस. घाई करू नकोस. चहा उकळू दे नीट."

मी गेले. पाठीमागे दार लागल्याचं मी ऐकलं. आमच्या घराचं दार दिवसा कधीच लावलेलं नसायचं.

फ्रेहा समोरच्या घरात राहायची. मोरोक्कोची, पोरांनी भरलेलं घर, विधवा. आई आणि ती जिन्यात बसून तांदूळ निवडायच्या, हिब्रूचे मोजके शब्द आणि बाकी हातवारे, यावर त्यांचं तासन्‌तास चालायचं. काय बोलतात याची मला कधी उत्सुकता वाटली नव्हती. मला वाटायचं, त्या नुसत्या हसतात.

तिने दार उघडलं तेव्हा तिचे हात पिठाने भरलेले होते.

"साखर," मी म्हणाले.

तिने वाटीकडे पाहिलं, आमच्या बंद दाराकडे पाहिलं. मग मला आत ओढून भिंतीशी बसवलं आणि स्वतः शेजारी जमिनीवर बसली. पोरांना तिने एका आवाजात बाहेर काढलं.

"साखर नको तुझ्या आईला," ती म्हणाली.

"आईनेच सांगितलंय."

"आईने सांगितलं, म्हणून इथे बस." तिचं हिब्रू माझ्या मानाने फारच मोडकं होतं. "जीप पाहिली मी. माझ्या दारात पण आली, तीच. खाणीचा माणूस आणि बॅगवाली बाई. दोघं बरोबर आले, की एकच गोष्ट. तुझ्या आईला मी सांगितलं आहे. जिन्यात. सगळं सांगितलं आहे, कसं येतात, कसं बोलतात, कोणते शब्द."

"आईला हिब्रू येत नाही," मी म्हणाले.

फ्रेहाने पिठाचा हात माझ्या डोक्यावर ठेवला.

"ते शब्द येतात," ती म्हणाली.

तिथे मी किती वेळ बसले कोण जाणे. आमच्या घरातून रडण्याचा आवाज येईल म्हणून मी कान लावून होते. आला नाही. एकदा मार्कूचा आवाज आला, लांबट, काहीतरी गुणगुणल्यासारखा. मला वाटलं, तो रडतोय. थोड्या वेळाने तोच आवाज पुन्हा आला. मग काहीच नाही.

आईनेच दार उघडून मला हाक मारली. मी आत गेले तेव्हा मार्कू भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्सिपोरा पलंगावर बसली होती आणि तिची बॅग जमिनीवर आडवी पडली होती. आईचा चेहरा धुतल्यासारखा होता. तिने माझ्या हातातली रिकामी वाटी घेऊन फळीवर पालथी ठेवली.

"आई, मला तुला काही सांगायचंय."

"नाही," ती म्हणाली. "तुला काही सांगायचं नाहीये. मी विचारलं त्यांना. त्यांनी सांगितलं."

"कसं विचारलंस?"

"विचारलं." तिने माझ्या केसातलं पीठ झटकलं. "ये. दिवा लावायची वेळ झाली."

पाहुण्यांना तिने चहा पाजूनच सोडलं. दोघांनी उभ्याने, पण शेवटच्या घोटापर्यंत घेतला. जाताना मार्कूने आईसमोर मान खाली घातली आणि आईने त्याच्या बाहीवरची धूळ हाताने पुसली, जशी बाबांच्या पुसायची.

मग तिने काचेच्या पेल्यात पाणी घातलं, वर तेल, त्यात वात सोडली. डोक्यावर पदर घेतला, दिवा लावला, डोळ्यांवर हात धरून प्रार्थना म्हटली. हात काढायला तिला वेळ लागला. शब्बाथला आमच्यात शोक करत नाहीत. ती रडली नाही म्हणून मीही रडले नाही. आम्ही दोघी जेवायला बसलो. मटण वाढलं, ताटात तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी तारे दिसले, शब्बाथ संपला, तेव्हा ती उठली, आपल्या पातळाचा काठ तिने हाताने फाडला, आणि मग जो आवाज तिच्यातून निघाला त्याने सगळ्या जिन्यातली दारं उघडली.

रविवारी दफन झालं. शालोममामा आले, मग बीरशेबाला जाऊन मुंबईच्या नातेवाइकांना तार करून आले. शोकाचे सात दिवस आम्ही जमिनीवर बसलो. सात दिवस संपले त्या संध्याकाळी आईने तोंड धुतलं, पांढरं पातळ नेसली आणि माझ्या दप्तरातली एक पेन्सिल घेतली.

"कुठे चाललीस?"

"वर्गाला."

मला ते सहन झालं नाही. बाबांच्या टॉवेलला अजून त्यांचा वास होता. "आता? आताच? मी आहे ना!"

"तू आहेस गो," ती म्हणाली. "पण तू तिथे नसशील."

"कुठे?"

"कुठेही."

तिने वर्ग सोडला नाही. त्यानंतर तिने मला दवाखान्यात नेलं नाही, कचेरीत नेलं नाही, दुकानातही बोलू दिलं नाही. चुकत, अडखळत, लोक हसले तरी स्वतःच बोलायची. घराचं कामही तिने स्वतःच हिंडून करून घेतलं. तळमजल्यावर गेलो तेव्हा जिने चढायला कोणी राहिलं नव्हतं. पुढे शाळेच्या स्वयंपाकघरात तिला काम लागलं. रेवदंडा, पेण, पनवेलकडच्या नव्या बायका वसाहतीत येऊ लागल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर दवाखान्यात तीच जायची. एखादं पोर आईसाठी बोलायला डॉक्टरसमोर उभं राहिलेलं दिसलं, की त्याला खांद्याला धरून बाहेर काढायची. "खेळ जा. मी बोलते." एकदा एक मुलगा म्हणाला, मला येतं सगळं. आई म्हणाली, "येतं म्हणूनच जा."

मला तिचा राग होता. माझं काम तिने काढून घेतलं असं मला वाटायचं, आणि ते बाबांच्या मृत्यूबरोबर घेतलं म्हणून जास्तच. ती सफाईने हिब्रू बोलू लागली तसा आमच्यातला एक धागा सुटला. त्या शुक्रवारबद्दल मी तिला कधी विचारलं नाही आणि तिने कधी सांगितलं नाही. बातमी स्वतःच्या कानांनी घेऊन तिने मला वाचवलं, एवढं मोठेपणी माझ्या लक्षात आलं. गोष्ट तेवढीच आहे, अशी माझी समजूत होती.

आई गेली त्याला आता काही वर्षं झाली. तिच्या सात दिवसांत बरेच लोक येऊन बसले. पाचव्या दिवशी एक फार म्हातारी बाई काठी टेकत आली. मी ओळखलं नाही. तिने नाव सांगितलं, त्सिपोरा.

मी तिला पाणी दिलं. चहा केला. तो संपेपर्यंत काही विचारलं नाही.

कप खाली ठेवून ती म्हणाली, "त्या दिवशी मी तुला ते सांगायला लावलं. नव्हतं लावायला पाहिजे. तुझ्या आईने मला तोंडावर सांगितलं तसं."

"काय म्हणाली ती?"

"तू गेलीस आणि तिने दार लावलं. म्हणाली, 'मुलगी बाहेर. आता बोला. मला बोला. हळू.' असंच, एकेक शब्द. मी सांगितलं. तिने मला पुन्हा सांगायला लावलं. मग विचारलं, एकटा होता का? मी मार्कूकडे बघितलं. मार्कू होता त्याच्याजवळ. लगेच गेला नव्हता तुझा बाप. दगड काढेपर्यंत जिवंत होता."

हे मला माहीत नव्हतं.

"तिने विचारलं, बोलला का काही? मार्कू म्हणाला, बोलला. बराच वेळ बोलत होता. पण तुमच्या भाषेत. हिब्रू सगळं विसरला होता. आमच्यात कोणालाही ती भाषा येत नव्हती. काहीतरी विचारत होता, पुन्हा पुन्हा तेच. विचारतोय एवढं कळत होतं. मार्कूने त्याचा हात धरला होता आणि तो प्रत्येक वेळी म्हणत होता, हो. हो हायम, हो."

खिडकीबाहेर कोणीतरी गाडी सुरू करत होतं. आवाज गेल्यावर ती पुढे बोलली.

"मग तिने मार्कूला विचारलं, कसं? कसं बोलला, करून दाखव. शब्द कसे सांगणार तो? त्याने नुसता आवाज काढून दाखवला. वर जाणारा, मग मधेच तुटणारा. ती डोळे मिटून ऐकत होती. म्हणाली, पुन्हा. त्याने पुन्हा काढला. मग तिने मान हलवली. म्हणाली, 'हो म्हणालास, बरं केलंस.' आणि उठून तुला हाक मारायला गेली."

"म्हणजे तिला कळलं होतं? ते काय विचारत होते ते?"

"मला वाटतं, कळलं होतं. आम्हाला नाही सांगितलं." त्सिपोराने काठी जवळ घेतली, पण ती उठली नाही. "तुला सांगितलं असेल ना कधीतरी? तेवढंच विचारायला आले मी."

"नाही," मी म्हणाले. "मलाही नाही."